दोघांत एक पिकअप

आमच्या वाटणीत सगळ्याचे दोन भाग झाले, फक्त पिकअपचे झाले नाहीत. शेतात मधोमध बांध पडला, घराला दोन दारं आधीपासून होतीच, भांडीकुंडी बायकांनी आपसांत बघून घेतली. गाडी तेवढी राहिली. वाटणी करायला मामा जवळच्या चांदे गावाहून आले होते. आईवडील गेल्यावर आम्हा दोघा भावांना वडीलधारं माणूस म्हणजे तेवढंच. मामांनी जरा वेळ डोकं खाजवलं आणि विहिरीच्या पाण्याला असते तशी गाडीला पाळी लावून दिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार दादाचे. रविवारी गाडी दारात उभी. डिझेल ज्याचं त्यानं घालायचं, टायर आणि सर्व्हिसिंग दोघांत. चावी गोठ्याच्या खांबावरच्या खिळ्याला. हे सगळं एका कागदावर लिहून मामांनी आमच्या सह्या घेतल्या. दोन सर्व्हिसिंगच्या मधे इंजिनातलं तेल कमी झालं तर ते कोणी घालायचं, हे त्या कागदात नव्हतं. तेव्हा ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आमचं गाव घोटावड्याच्या बाजूला आहे. माझ्या पाळीच्या दिवशी मी उरवड्याच्या एका कारखान्यातून पुठ्ठ्याची खोकी भरून हिंजवडीकडे पोचवतो. दादा त्याच्या दिवशी मेथी, पालक, कोथिंबीर आणि हंगामात घरचा इंद्रायणी तांदूळ घेऊन तिकडच्याच सोसायट्यांच्या दारात उभा राहतो. खिळ्याला चावी असल्यामुळे गाडीची देवाणघेवाण करायला एकमेकांचं तोंड बघावं लागत नसे. ही सोय फार उपयोगी पडली, कारण आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

कारण सांगतो, त्यात माझी बाजू काही चांगली नाही. वाटणीनंतर मी माझ्या तुकड्यात कामगारांना भाड्यानं देण्यासाठी चार खोल्या बांधल्या. त्यांच्या मोऱ्यांचं पाणी उतारानं थेट दादाच्या मेथीत जायला लागलं. त्यानं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला आला तेव्हा भाडेकरू बाहेर बसले होते. मी त्यांच्यासमोर त्याला म्हणालो, "पाणी खालीच जाणार, वर कसं जाईल?" भाडेकरू हसले. दादा मागे फिरला आणि त्यानंतर बोलायचाच थांबला. मग मीही थांबलो. माझं डोकं चटकन तापतं आणि निवायला फार वेळ लागतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या दारापासून माझं दार अकरा पावलांवर आहे. दोन वर्षं आम्ही त्या अकरा पावलांत मान खाली घालून फिरत होतो.

भाताची झोडणी झाल्यावरची गोष्ट. एका सोमवारी मी माल उतरवून परत येत होतो. घोटावड्याच्या चौकात गाडी थांबवली तर समोरच्या मीटरमध्ये लाल दिवा लुकलुकला. किटलीचं चित्र असतं तो, तेलाचा. गाडी पुढं काढली की विझायचा, उभी केली की परत लुकलुकायचा. घरी येऊन बॉनेट उघडलं आणि ऑइलची पट्टी काढून बघितली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. पिरंगुटला स्पेअरच्या दुकानात गेलो, तेलाचा अर्ध्या लिटरचा डबा आणला, ओतला आणि चावी खिळ्याला लावली. दादाला सांगायचा प्रश्नच नव्हता.

बुधवारी दिवा परत लागला. आता मला राग आला. मी सोमवारी तेल घातलं होतं, मधे मंगळवार गेला आणि मंगळवार दादाचा. म्हणजे हा माणूस गाडी हाणतो आणि तेलाकडे बघत नाही, असा हिशोब मी जागच्या जागी करून टाकला. पट्टी परत काढून बघायला हवी होती, पण दिवा लागलाय म्हणजे तेल कमी आहे, हे मला इतकं पक्कं माहीत होतं की मी सरळ नवा डबा आणून ओतला. शुक्रवारी तेच. पुढच्या सोमवारी तेच. ओतताना मी दर वेळी दादाला मनातल्या मनात शिव्या घालायचो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात थोडं बरंही वाटायचं. दोन वर्षं माझ्याकडे त्याच्याविरुद्ध काही नव्हतं. आता सापडलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात गाडी धूर सोडायला लागली. निळसर, वासाचा. चढाला दमायला लागली. इंजिनाखाली जमिनीवर तेलाचे डाग दिसायला लागले. गाडी गेली तर माझं काम गेलं, कारखान्याला दुसरा टेम्पो मिळायला अर्धा तासही लागत नाही. गुरुवारी मी मामांना फोन केला.

"मामा, दादा इंजिन मारणार बघा. त्याच्या दिशी तेल बघतच न्हाई. मी एकट्यानं किती करायचं?"

"त्याला बोललास का?" मामांनी विचारलं.

"बोलून काय उपेग? तुमी रविवारी या. हाय तोवर इकून टाकू, ज्याचं त्याला मोकळं."

मामा म्हणाले, "ती एकच गोष्ट ऱ्हायलीया तुमच्या दोघांत." मी म्हणालो, "म्हणूनच." मामांनी दादालाही फोन करून रविवारचं सांगितलं, हे मला बायकोकडून कळलं. दादा त्यांना फक्त 'बरं' एवढंच म्हणाला होता.

विकायची तर निदान दिवा बंद असलेला बरा, गिऱ्हाईक आधी तिथंच बघतं. म्हणून शुक्रवारी माल टाकून झाल्यावर गाडी फिटरकडे नेली. हा फिटर आमची गाडी पहिल्यापासून बघतो. त्यानं काही न विचारता पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, परत घालून परत ओढली आणि ती माझ्या नाकासमोर धरून हसायलाच लागला. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर चढलं होतं.

"तेलात पोहायला सोडलंय का इंजिनाला?" तो म्हणाला. "म्हणून तर धूर मारतीया. किती वतलंस?"

मी किती ओतलं ते मनात मोजलं. ते एवढं व्हायला नको होतं.

त्यानं खालचा नट सैल करून जास्तीचं तेल घमेल्यात काढलं. ते संपता संपेना. मग तो हात घालून इंजिनाच्या कुशीत, फिल्टरच्या शेजारी काहीतरी चाचपत राहिला आणि एका वायरीचं टोक ओढून मला दाखवलं. टोक तेलानं भिजलेलं होतं. "हा बघ तुझा चोर," तो म्हणाला. तिथं एक बोटाच्या पेराएवढा सेन्सर असतो. इंजिनात तेलाचा दाब किती आहे ते तो सांगतो आणि दाब पडला की दिवा लावतो. आमचा सेन्सर आतून फुटला होता. त्यातून तेल झिरपत होतं, म्हणून पहिल्यांदा ते खरंच कमी झालं होतं. आणि फुटल्यामुळे दाब चांगला असतानाही तो दिवा लावत होता. फिटरनं सेन्सर काढून त्याच्या जागी स्वतःचं काट्याचं मीटर लावलं आणि गाडी चालू केली. काटा जिथं असायला हवा तिथं उभा राहिला.

"इंजिन ठणठणीत हाय," तो म्हणाला. "ह्यो दिवा तेल किती हाय ते सांगत न्हाई, दाब सांगतो. पर समद्या गावाला वाटतं, दिवा लागला की वता तेल." नवा सेन्सर त्याच्याकडे नव्हता. जुनाच परत बसवून त्यानं मला दुकानात पिटाळलं. बसवून मात्र मंगळवारीच देतो म्हणाला, कारण त्याच्या पुतणीचं लग्न होतं आणि संध्याकाळीच तो निघणार होता. तोवर कशाला थांबा, म्हणून सेन्सर फिरवायला लागणारा मोठा गोटी पाना मी त्याच्याकडून मागून घेतला.

दुकानदारानं सेन्सरची डबी काढून दिली आणि सवयीनं तेलाचा डबाही काउंटरवर ठेवला. मी नको म्हणालो.

"नको? झाली का बरी?" तो म्हणाला. "लई तेल प्यायली राव तुमची गाडी. सोमवारी तू, मंगळवारी तुझा भाऊ. बुधवारी तू, बिस्तरवारी तुझा भाऊ. मी म्हनलं, घरात काय इंजिनाची पंगत बसलीया का काय."

मी त्याला परत विचारलं, माझा भाऊ येत होता का? तो माझ्याकडे येड्याकडे बघावं तसं बघायला लागला. "म्हंजे काय? अर्धा लिटर मोजून न्यायचा. तुला म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. मी डबी खिशात टाकली, गाडीत येऊन बसलो आणि बराच वेळ चावी फिरवली नाही. दिवा दादालाही दिसत होता. तोही ओतत होता. मी बुधवारी ज्याला शिव्या घालत होतो, तो मंगळवारी माझ्यासारखाच बॉनेट उघडून उभा होता, आणि बहुतेक मला शिव्या घालत होता. फरक एवढाच की त्यानं मामांना फोन केला नव्हता. मला लाज वाटली. नुसती वाटली असं नाही, कान गरम झाले.

पुढचा दिवस शनिवार, म्हणजे दादाची पाळी. दिवा अजून लुकलुकत होता आणि तो बघून दादा परत तेल ओतणार हे नक्की होतं. सांगायला हवं होतं. मी अकरा पावलांतली चार गेलो आणि परत आलो. शेवटी भाडेपावतीच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'तेल घालू नको. फिटरला दाखवलंय.' चिठ्ठी सुतळीनं चावीला बांधली. शनिवारी सकाळी दादा गोठ्यात गेलेला मी खिडकीतून बघितला. त्यानं चिठ्ठी वाचली, चावी परत खिळ्याला लावली आणि मेथीच्या जुड्या शेजाऱ्याच्या टेम्पोत भरल्या. गाडी दिवसभर हलली नाही. त्यानं ती रागानंच नेली नाही असं मी धरलं, कारण मला तसंच समजायची सवय झाली होती. मामांना फोन करून येऊ नका म्हणावं असंही चार वेळा मनात आलं. पण का येऊ नका, हे सांगायला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी मी गाडीखाली शिरलो. मामा यायच्या आत निदान दिवा तरी विझवावा, तेवढंच माझ्या हातात होतं. काम तसं अवघड नाही, फक्त हात आत नेण्यापुरतीच जागा असते. वायर ओढून काढली, खाली घमेलं सरकवलं, गोटी पाना बसवला आणि जोर दिला. पाना सटकला, बोटांची सालपटं गेली. तिसऱ्या खेपेला सेन्सर हलला. नवा घालायच्या आधी मी मोठा शहाणपणा केला. खोल्यांच्या नळांची उरलेली पांढरी टेप माझ्याकडे होती. परत गळती नको म्हणून सेन्सरच्या आट्यांवर ती चांगली सहा-सात वेढे गुंडाळली, नळाला गुंडाळतात तशी. आवळून बसवला, वायर लावली, वर येऊन गाडी चालू केली. दिवा नाही. रेस केली, सोडली. दिवा नाहीच. मी बंद करून परत चालू केली, फक्त ते बघायचं सुख म्हणून.

"चावी निस्ती फिरव. चालू करू नको."

दादा त्याच्या दारात उभा होता. दोन वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा जे सांगितलं ते हे. आवाज जरा घोगरा झाला होता, किंवा मी विसरलो होतो. मी चावी अर्धी फिरवली.

"लागला का दिवा?"

"न्हाई."

"मग कुटं झालं काम? इंजिन बंद आसताना तो लागाय पायजे. आता खरंच दाब गेला तरी तुला कळायचा न्हाई." तो जवळ आला आणि वाकून आत बघितलं. बाहेर डोकावणारं टेपचं टोक त्याला दिसलं. "ही काय मोरी हाय व्हय? त्याला इंजिनाचं लोखंड लागाय पायजे, तवा करंट फिरतो. तू गुंडाळून ठेवलास."

त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. मोरी म्हणाला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, पण शब्द त्यानं मुद्दाम निवडला होता आणि तो मला जिथं लागायचा तिथं लागला. मी गुपचूप परत खाली गेलो, सेन्सर काढला, टेप सोलली, आटे फडक्यानं पुसले आणि तसाच कोरा बसवला. वर येणार तोच गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. दादा आत बसला होता.

"लागला," तो वरून ओरडला.

"चालू कर."

इंजिन सुरू झालं. मी खालून सेन्सरच्या बुडाशी बोट फिरवलं, कोरडं होतं.

"गेला," दादा म्हणाला.

मी बाहेर आलो तर मामा स्कूटर लावून गोठ्याजवळ उभे होते. केव्हा आले कोणालाच कळलं नव्हतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "बोला. इकायची कुटली गाडी? हीच न्हवं?"

दादा गाडीतच बसून राहिला. मी हात पुसत होतो, ते पुसून झाले तरी पुसतच राहिलो. मग मामांना सगळं सांगितलं. दिवा खोटं बोलत होता, मी तेल ओतत होतो, दादाही ओतत होता, आणि दादा तेल बघत नाही असं मी जे फोनवर म्हणालो ते मुळात खोटं होतं. हे सांगताना मी दादाकडे बघू शकलो नाही.

"मामा," दादा गाडीतनंच म्हणाला, "दिव्याचं त्यानं ऐकलं. फिटरला इचारलं, दुकानदाराला इचारलं. तुमाला फोन केला. मी हितं अकरा पावलांवर हाय. मला न्हाई इचारलं."

तोही पावलं मोजत होता, हे मला तेव्हा कळलं. चूक झाली म्हणणंसुद्धा पळवाट वाटली. मामा म्हणाले, "आता इचार की मग. मी काय कायमचा यायचा हाय का?"

मी गाडीच्या खिडकीशी गेलो. "दादा, इकायची का गाडी?"

"न्हाई," तो म्हणाला. पुढं काही बोलेल असं वाटलं नव्हतं, पण बोलला. "पर ही पाळी बी नको. ज्याला लागंल त्यानं न्यावी. निस्तं जाताना सांगून जात जा."

मामांनी चहा घेतला तो दादाच्या घरी, जेवले माझ्याकडे. दोन्हीकडे आम्ही दोघंही होतो, पण बोलणं मामांनीच केलं. मोऱ्यांच्या पाण्याचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही. पुढच्या महिन्यात गवंडी मोकळा झाला तेव्हा मी पाइप टाकून ते पाणी ओढ्याकडे वळवलं. दोन दिवसांचं काम होतं. ते करायला मला दोन वर्षं लागली, हे लिहितानाही चांगलं वाटत नाही.

त्या रविवारनंतर लगेच सोमवारी सकाळी साडेसहाला खिळ्यावरून चावी काढली. मग ती हातात घेऊन अकरा पावलं चाललो. दार उघडंच होतं. काय म्हणायचं ते ठरवून आलो होतो.

"दादा, उरवड्याला निघालोय."

मला वाटलं, ऐकू गेलं नाही, परत म्हणावं लागेल. मग दादा म्हणाला, "थांब, च्या टाकलाय."

मी पायरीवर बसलो. त्या दिवशी माल वीस मिनिटं उशिरा पोचला आणि गेटवरच्या माणसानं कारण विचारलं. मी म्हणालो, भावाकडे गेलो होतो.